साडेबारा ते सात: या वेळेचा खर्च कोणी उचलायचा?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या वेळेचा हिशेब दिलेला आहे. पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. वर्षाचे एकूण तास ८७६०. कायदा अक्षरशः पाळला गेला तरी चौथीतलं मूल वर्षातल्या वेळेचा दहावा भागही वर्गात नसतं. झोपेचे रोजचे नऊ तास सोडले तरी साडेचार हजारांवर तास उरतात. पट, निकाल, शिक्षकभरती, गणवेश, माध्यम अशी शिक्षणावरची आपली सगळी चर्चा त्या ८०० तासांभोवती फिरते. उरलेल्या तासांची जबाबदारी ठरवून कोणाकडेच नाही. ठाणे किंवा नवी मुंबईच्या शिक्षण विभागात जाऊन ‘शाळा सुटल्यावर मुलांचं काय?’ असं विचारलं, तर हा विषय कोणत्या टेबलावर न्यायचा हेच कळत नाही.

या दोन्ही शहरांतल्या महापालिका शाळांपैकी बऱ्याच दोन सत्रांत भरतात. सकाळचं सत्र साडेबाराच्या सुमारास सुटतं. लोकमान्यनगर, किसननगर, कळवा, विटावा इथली किंवा नवी मुंबईत दिघा, इलठाणपाडा, तुर्भे स्टोअर इथली मुलं घरी येतात तेव्हा घराला बहुधा कुलूप असतं. आई घोडबंदर रोडच्या नाहीतर पामबीचच्या संकुलात चार घरची कामं करत असते, वडील रिक्षावर किंवा टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत कंत्राटावर. दोघांपैकी कोणीतरी घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे सात वाजतात. रोजचे साडेसहा तास. मे उजाडला की हेच पूर्ण दिवसाचं होतं, जूनच्या मध्यापर्यंत.

या तासांची दखल घेणारा एक कायदा आहे. बालमजुरी प्रतिबंधक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर सरसकट बंदी आली, पण कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मुलाने ‘शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत’ हातभार लावला तर चालेल, अशी सूट ठेवली गेली. शाळेबाहेरच्या तासांचा उल्लेख कायद्याने केला तो मुलांनी काम करायला हरकत नाही हे सांगण्यासाठी. याच तासांत मुलांना खेळायला, वाचायला, कोणा मोठ्या माणसाच्या सोबतीत बसायला जागा मिळाली पाहिजे, असं म्हणणारं कलम कुठेही नाही. घरच्या खानावळीत भांडी घासणारी, गजरे ओवणारी, मण्यांच्या माळा जोडणारी मुलं कायद्याच्या या सवलतीत बसतात. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली तर कोणत्याच व्याख्येत येत नाहीत, कारण ते काम म्हणून कोणी धरतच नाही.

ठाण्यातल्या एका वस्तीत समाजमंदिराच्या खोलीत भरणाऱ्या दुपारच्या वर्गाशी माझा काही वर्षांचा संबंध आहे. तिथे पाचवीतली एक मुलगी रोज दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन येते. डाव्या हाताने त्याला धरायचं आणि उजव्या हाताने भागाकार करायचा, अशी तिची सवय झाली आहे. बाळ रडायला लागलं की ती उठून दाराशी जाते, त्याला गप्प करून परत येते आणि कोणत्या अंकापाशी थांबलो होतो ते बरोबर शोधते. आमच्याकडची ताई तिला ‘उद्यापासून बाळाला आणू नकोस’ असं कधीच म्हणत नाही. बाळ आलं नाही तर मुलगीही येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिने कोपऱ्यात एक गोधडी अंथरून ठेवली आहे आणि गोधडीवर दोन-तीन झाकणं, एक डबा, एक रिकामी बाटली. बाळ त्यात वीस मिनिटं रमतं. त्या वीस मिनिटांत मुलीचे दोन भागाकार होतात.

शिकवण्याचं हे कौशल्य कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडणार नाही. ही ताई त्याच वस्तीतली आहे, बारावी झालेली, मुक्त विद्यापीठातून बीए करणारी. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचं घर तिला माहीत आहे. कोणाच्या घरी दारू आहे, कोणाची आई माहेरी निघून गेली आहे, कोणता मुलगा दोन दिवस दिसला नाही की घरी जाऊन बघायला हवं, हे ती जाणते. आणि दर वर्षी एप्रिल ते जुलै तिचं मानधन थांबतं.

कारण वर्गाला पैसा देणाऱ्या कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. मंजूर रक्कम तोवर खर्च करून विनियोगाचा दाखला द्यायचा असतो. नव्या वर्षाचा प्रस्ताव मग त्यांच्या समितीपुढे, संचालक मंडळापुढे जातो, करारावर सह्या होतात आणि पहिला हप्ता पावसाळ्यात कधीतरी येतो. महापालिकेचंही तेच. अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होतं, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश होईपर्यंत गणपती येतात. मुलांकडे सर्वांत जास्त मोकळा वेळ असतो तो मे महिन्यात, आणि अनुदानाच्या चक्रात सर्वांत कोरडा महिनाही मेच. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. पैशाचं वर्ष आणि मुलांचं वर्ष एकमेकांसमोर ठेवून कोणी पाहिलेलंच नाही, आणि त्याचा भुर्दंड ताईला आणि तिच्याकडे येणाऱ्या मुलांना बसतो. सुट्टीत वर्ग बंद झाला की जूनमध्ये तो पुन्हा शून्यातून उभा करावा लागतो. काही मुलं परत येत नाहीत. मुली तर हमखास गळतात.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. शाळा सुटल्यानंतरच्या आणि सुट्टीतल्या कार्यक्रमांसाठी दोन्ही महापालिकांनी स्वतःच्या अंदाजपत्रकात कायम लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, उघडावं. ते अनुदान वस्तीत आधीपासून काम करणाऱ्या छोट्या संस्था आणि गटांना किमान तीन वर्षांसाठी द्यावं. आणि त्याचा निम्म्याहून मोठा भाग वस्तूंवर नव्हे, मुलांसोबत रोज बसणाऱ्या माणसाच्या मानधनावर खर्च करायची परवानगीच नव्हे तर सक्ती असावी.

शेवटच्या अटीवर माझा सर्वांत जास्त भर आहे. मुलांसाठी पैसा द्यायचा म्हटलं की देणाऱ्याला दिसणारी वस्तू हवी असते: टॅब, दप्तरं, रंगवलेल्या भिंती, विज्ञानाचा संच, फलकावर नाव. मानधन दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही. आमच्या ओळखीच्या एका वर्गाला एकदा वीस टॅब मिळाले. ते चार्ज करायला खोलीत एकच प्लग पॉइंट होता, आणि टॅब हरवला तर जबाबदार कोण या भीतीने ते कपाटात राहिले. त्याच वर्षी त्या वर्गाच्या ताईला पाच महिने पैसे मिळाले नाहीत आणि ती एका मॉलमध्ये कामाला लागली. टॅब अजून आहेत, वर्ग नाही. देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी अजिबात म्हणत नाही. कोणत्या गोष्टीने वर्ग चालतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर, म्हणजे सीएसआरवर, हे सगळं सोपवून चालणार नाही याचं कारण फक्त वेळापत्रक नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते आणि आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही त्यात म्हटलं आहे. ऐरोली, महापे, घणसोलीतल्या काचेच्या इमारतींकडे बघितलं तर दिघा-तुर्भ्याची मुलं या प्राधान्यात पहिली असायला हवीत. पण हा पैसा घ्यायला संस्थेकडे प्राप्तिकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या हव्यात, सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांसाठीची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी हवी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. वस्तीतल्या महिला मंडळाकडे किंवा कॉलेजच्या चार मुलांनी चालवलेल्या अभ्यासवर्गाकडे यातलं काही नसतं. मग पैसा मोठ्या संस्थांकडे जातो. त्यांच्याकडे प्रस्ताव लिहिणारी माणसं असतात, इंग्रजी अहवाल असतात, आणि त्यातल्या पुष्कळ चांगलं कामही करतात. पण प्रकल्प संपला की त्या जातात. वस्तीतली ताई कुठे जात नाही.

हे सगळं परदेशातून आणावं लागेल असं कोणी समजू नये. संध्याकाळी मुलांना मैदानावर जमवणं ही महाराष्ट्राची जुनी सवय आहे. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची घडी बसली ती शाखांवर. खेळ, गाणी, गोष्टी आणि त्यातून येणारी समज असं ते रोजचं शिक्षण होतं. व्यायामशाळा होत्या, वाचनालयांचे बालविभाग होते. मुंबईत चर्नी रोडजवळ जवाहर बालभवन आहे, पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था वस्त्यांतल्या, परिस्थितीशी झगडत शिकणाऱ्या ‘एकलव्य’ मुलांसोबत वर्षानुवर्षं काम करते आहे. रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये तिच्यासोबत ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला आणि नाटकाच्या शिबिराची फी कधीच भरू न शकणारी मुलं स्वतःची नाटकं घेऊन रंगमंचावर उभी राहिली. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून भरणारी सिग्नल शाळा समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या सहकार्याने उभी केली. मुलं जिथे आहेत तिथे शाळा न्यायची आणि संस्थेसोबत हात मिळवायचा, हे आपल्या महापालिकेला करता येतं याचा तो पुरावा आहे. मनात आणलं की नियम आड येत नाहीत.

दुसरा पुरावा त्याहून जुना. ठाणे महापालिकेने १९८७ मध्ये चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था सुरू केली, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांसाठी. पदवी झालेल्या मुलांच्या अभ्यासाला आधार देणं हे शहराचं काम आहे, असं तेव्हाच्या लोकांनी मानलं आणि त्यावर पैसा खर्च केला. फार चांगलं केलं. मग दहा वर्षांच्या मुलाच्या दुपारीला आधार देणं हे शहराचं काम का नाही? जी मुलगी पाचवीत भागाकार अर्धा सोडून उठते ती बाविसाव्या वर्षी त्या प्रशिक्षण केंद्राच्या दारापर्यंत पोचणार कशी?

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्यायला हवं. मी आमच्या वर्गाच्या अनुभवावरून अंदाज मांडते. चाळीस मुलांचं एक केंद्र. दोन ताया किंवा दादा, रोज तीन-साडेतीन तास, प्रत्येकी दरमहा १०,००० रुपये मानधन. मुलांना रोज खाऊ, डोईला १५ रुपये, महिन्याचे २२ दिवस: १३,२०० रुपये. कागद, रंग, चेंडू, प्रथमोपचार, वीज, किरकोळ दुरुस्ती मिळून ४,०००. महिन्याला ३७,२०० रुपये, वर्षाला सुमारे साडेचार लाख. जागेचं भाडं मी धरलेलं नाही, कारण जागा महापालिकेच्याच आहेत: शाळांच्या इमारती, समाजमंदिरं, वॉर्डातले हॉल, अभ्यासिका. अशी शंभर केंद्रं काढली तर चार हजार मुलं आणि साडेचार कोटी रुपये. ठाणे आणि नवी मुंबई या प्रत्येक महापालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक आज पाच हजार कोटींच्या वर गेलं आहे. शंभर रुपयांतले नऊ पैसे.

शिवाय नवीन कर लावायची गरज नाही. नागरी संस्थांनी अंदाजपत्रकातला ५ टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवावा असं शासनाचं धोरण आहे. त्यातला ‘बाल’ नेहमी मागे पडतो. शिलाई यंत्रं, प्रशिक्षण, मेळावे यांत रक्कम जाते आणि मार्चमध्ये उरलेली घाईने संपवली जाते. दुपारचं केंद्र हे तर एकाच वेळी महिलांचं आणि मुलांचं काम आहे. केंद्र चाललं की आईला दोन घरं जास्त करता येतात, मन थाऱ्यावर राहतं, आणि वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला वस्तीतच कमाई मिळते. यापेक्षा सरळ महिला व बालकल्याण दुसरं कोणतं?

अनुदान कसं द्यायचं याचा नमुनाही घरात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली राज्यातल्या दहा हजारांहून अधिक वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने दरवर्षी परिरक्षण अनुदान मिळतं. ते तुटपुंजं आहे, उशिरा येतं, ग्रंथपालांचे हाल आहेत, सगळं मान्य. तरीही खेड्यापाड्यांत वाचनालयं टिकली ती या अनुदानामुळे, कारण ते एकदाच मिळणारं बक्षीस नसून दरवर्षीचा हक्क आहे. संस्था लहान असेल तर ड वर्गात येते, काम वाढलं की वर चढते. मुलांच्या केंद्रांना असाच जिना हवा. पंधरा मुलांचा गट सुरुवातीला छोट्या रकमेवर सुरू होईल, वर्षभर चालवून दाखवेल, मग पुढचा वर्ग. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नसलेल्या गटांसाठी शाळा व्यवस्थापन समितीला मध्ये घालता येईल. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात असं ठरवलं आहे. पैसा समितीच्या खात्यात, हजेरीपट समितीसमोर, आणि तपासायला येणारी बाई म्हणजे त्याच मुलांपैकी कोणाची तरी आई.

इथे लोक लगेच म्हणतात, बोगस संस्था येतील, कागदोपत्री मुलं दाखवतील, नगरसेवकांचे कार्यकर्ते केंद्रं वाटून घेतील. ही भीती खोटी नाही, मी ती हलक्यात काढत नाही. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार आला आणि तो वर्षानुवर्षे लांबला, त्या काळात विचारायलाही कोणी नव्हतं. पण गैरव्यवहार कशात सोपा असतो ते बघा. दहा हजार दप्तरांची खरेदी एका सहीने होते आणि दप्तराचा दर्जा कोणी तपासत नाही. चाळीस मुलं रोज दुपारी दीड वाजता एका खोलीत असतात की नाही, हे मात्र शेजारची कोणतीही बाई खिडकीतून बघून सांगू शकते. केंद्रांची यादी, मंजूर रक्कम आणि ताईंची नावं शाळेच्या फलकावर लावली, हप्ता तीन महिन्यांनी दिला आणि मानधन थेट बँक खात्यात टाकलं, तर चोरीला फार जागा उरत नाही. उलट मोठा ठेकेदार नेमून पूर्ण शहराची केंद्रं एका निविदेत दिली, तर हीच योजना वर्षात नासेल. तो मार्ग सोयीचा वाटतो म्हणूनच त्याची मला जास्त काळजी आहे.

शिक्षकांवर हे काम टाकण्याचा मोह होईल. तो टाळायला हवा. कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास तयारीसह आधीच ठरलेले आहेत, आणि निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून तो दमलेला आहे. शिवाय दुपारच्या केंद्रात मुलाला वर्गातल्यापेक्षा वेगळं माणूस भेटलं पाहिजे. शाळेत ‘ढ’ ठरलेला मुलगा केंद्रात ढोल बसवताना सगळ्यांना शिकवतो, हे मी पाहिलं आहे. तिथे तेच गुरुजी छडी न घेता उभे राहिले तरी तो मागच्याच रांगेत बसेल.

मुलांना मोकळं खेळू द्या, त्यांचा उरलासुरला वेळही शाळेसारखा बांधून टाकू नका, हा आक्षेप मला मनापासून पटतो. आमच्या पिढीची सुट्टी मामाच्या गावाला, आंब्याच्या झाडाखाली गेली आणि त्या सुट्टीने आम्हाला पुष्कळ दिलं. पण आज दिघ्याच्या मुलाला मोकळं खेळायला मोकळी जागा कुठे आहे? रस्त्यावर टँकर, पटांगणाच्या फाटकाला कुलूप, आणि डोंगराकडे दगडखाणींचे खड्डे. खाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि ‘आईबाप काय करत होते’ असं विचारतो. आईबाप कामावर होते. संकुलांतल्या मुलांच्या सुट्टीसाठी स्केटिंग, रोबोटिक्स, नाट्यशिबिर असा बाजार उभा आहे, त्याची आठवड्याची फी काही हजारांत आहे आणि आपल्यापैकी अनेक जण ती भरतात, कारण आपल्यालाही मूल कुठेतरी सुरक्षित हवं असतं. वस्तीतल्या आईची गरज वेगळी नाही. म्हणून केंद्रात अभ्यासाचा तास एकच असावा, बाकी वेळ खेळ, वाचन, चित्र, मातीकाम आणि काहीच न करणं. पटांगणाचं फाटक उघडून एक जबाबदार मोठं माणूस तिथे बसवणं, हाही पूर्ण कार्यक्रमच आहे.

खाऊच्या रकमेवर कोणीतरी कात्री चालवेल म्हणून तेही बोलायला हवं. शालेय पोषण आहार शाळेच्या दिवशी मिळतो. सुट्टी लागली की तो थांबतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही आहार द्यावा असा आदेश दिला, तो सुट्टीत भूक थांबत नाही हे ओळखूनच. शहरातल्या वस्त्या दुष्काळी जाहीर होत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२१ पासून देशभर चालणाऱ्या सुट्टीतल्या कार्यक्रमाच्या नावातच ‘उपक्रम आणि अन्न’ असे दोन्ही शब्द आहेत. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांना सुट्टीत कार्यक्रमाच्या दिवशी किमान चार तास उपक्रम आणि एक जेवण. स्थानिक प्रशासनाला केंद्र सरकारकडून त्यासाठी अनुदान मिळतं आणि ते पुढे क्लब, मंडळं, शाळा यांना वाटलं जातं. अन्नाशिवाय दुपारचं केंद्र चालत नाही. तीन वाजता मुलं पेंगतात किंवा भांडतात, आणि दोन्हींचं कारण बहुतेक वेळा पोटात असतं.

आता ज्या देशात असं अनुदान पंचवीसहून अधिक वर्षं चालू आहे तिथून एक धडा घेण्यासारखा आहे. अमेरिकेत संघराज्य सरकार ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’ या नावाने शाळेनंतरच्या आणि उन्हाळी कार्यक्रमांना दरवर्षी सुमारे १.३ अब्ज डॉलर देतं. २००३ मध्ये या केंद्रांचं मोठं मूल्यमापन झालं आणि मुलांच्या गुणांत फारसा फरक दिसला नाही. त्याचा हवाला देऊन तेव्हाच्या सरकारने रक्कम एक अब्जावरून साठ कोटी डॉलरवर आणायचा प्रस्ताव मांडला. पालक आणि शाळा उभ्या राहिल्या, तिथल्या संसदेने तो मान्य केला नाही. पुढे झालेल्या एका अभ्यासात पाच शहरांतले मोफत उन्हाळी वर्ग तपासले गेले. तिथे जी मुलं नियमित आली, निदान वीस दिवस, त्यांना फायदा झाला, आणि जी अधूनमधून आली त्यांना झाला नाही. मला यातून दोन गोष्टी दिसतात. केंद्राचं समर्थन फक्त गुणांवर उभं केलं तर उद्या गुणांवरूनच ते बंद केलं जाईल. म्हणून मोजायचंच असेल तर आधी हजेरी मोजा. मूल रोज येतं का, मुली टिकतात का, सुट्टीनंतर शाळेत परत जातात का, हे विचारा. आणि दुसरं, मूल रोज यायचं तर केंद्र रोज उघडं असलं पाहिजे, तीच ताई असली पाहिजे. हजेरी ही शेवटी ताईच्या मानधनाशी बांधलेली आहे.

त्याच अमेरिकेत २०२५ च्या १ जुलैला मिळायचे पैसे केंद्र सरकारने अचानक रोखून धरले. उन्हाळी कार्यक्रम ऐन मध्यावर होते. आरडाओरड झाली, काही आठवड्यांत पैसे सुटले. पण इतकी वर्षं चाललेली योजनाही वरच्या एका निर्णयाने लटकते हे दिसलं. म्हणून मला हे अनुदान दिल्ली किंवा मंत्रालयापेक्षा महापालिकेच्या अंदाजपत्रकात हवं आहे. महापालिकेच्या मुख्यालयावर वस्तीतल्या बाया पायी मोर्चा नेऊ शकतात. सीएसआर आणि राज्याचा पैसा वरून भर म्हणून यावा, पाया म्हणून नको.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळेच्या वेळेबाहेर रिकाम्या राहणाऱ्या इमारतींचा समाजासाठी वापर करावा आणि त्यांना ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून चालवावं असं सुचवलेलं आहे. धोरणात शब्द आहे, इमारती आहेत, मुलं आहेत, ताया आहेत. अडतं ते दोन गोष्टींवर. एक म्हणजे शाळेची चावी संध्याकाळी कोणाकडे राहणार, काच फुटली तर भरून कोण देणार. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कित्येक मुख्याध्यापक याच भीतीने नाही म्हणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. महापालिकेने लेखी आदेश काढून ती जबाबदारी मुख्याध्यापकांच्या खांद्यावरून उचलली आणि केंद्राच्या वेळेसाठी सुरक्षारक्षक दिला, तर चावी मिळेल. त्याचबरोबर केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिस पडताळणी हवी, एकट्या मोठ्या माणसाजवळ मुलं राहणार नाहीत असा नियम हवा, आणि मुलींसाठी स्वच्छतागृह उघडं हवं. दोन ताया मी धरल्या त्या यासाठीही.

दुसरी अडचण पैशाच्या तारखेची. सुरुवातीला मांडलेलं मेचं कोडं सोडवायचं तर पुढच्या वर्षाचा पहिला हप्ता आधीच्या मार्चमध्ये संस्थेच्या खात्यात पडला पाहिजे. तीन वर्षांची मंजुरी असेल तर हे सहज जमतं, नवा प्रस्ताव लागत नाही.

शाळा व्यवस्थापन समित्यांनी यासाठी वाट पाहत बसू नये. समितीत तुम्ही पालक असाल तर पुढच्याच बैठकीत ठराव मांडा: शाळेचे दोन वर्ग आणि पटांगण शाळा सुटल्यानंतर संध्याकाळी सातपर्यंत आणि पूर्ण मे महिना मुलांसाठी उघडे ठेवावेत, त्यासाठी दोन ताईंचं मानधन आणि खाऊ यांची तरतूद महिला व बालकल्याण निधीतून करावी, आणि पहिला हप्ता मार्चमध्ये द्यावा. ठरावाची प्रत शिक्षण विभागात डिसेंबरच्या आत पोचू द्या आणि आवक क्रमांक टाकून घ्या. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास मांडलं जातं, पण त्यातले आकडे त्याआधीच ठरलेले असतात.